चास पाहायला यायचं

रोहणा, ता. आर्वी
२० सप्टेंबर २०२५

चि. नंदू यास मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आईची तक्रार केलीस आणि तासाभराने तिचा फोन आला, त्यात तुझी. गेल्या दसऱ्याला नागपुरात तुमच्या दारावर एक माणूस पिंजरा घेऊन आला, माईने आतल्या चासाला हात जोडून वीस रुपये दिले आणि तू त्या माणसाला वनखात्याचा धाक घालून हाकललंस. वर्ष होत आलं तरी तुमची धुसफुस चालूच आहे. फोनवर मी दोघांनाही हो-हो म्हटलं. ते काही खरं नव्हतं, म्हणून हे पत्र.

कायद्याचं तुझं बरोबर आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली हा पक्षी धरता येत नाही, पिंजऱ्यात ठेवता येत नाही. पण तू ज्या रीतीवर चिडलास ती रीत माई लहानपणी शिकली ती नव्हेच. हे तिलाही आता आठवत नाहीसं दिसतं.

आमच्या वेळी चास दारावर येत नसे, आपण त्याच्याकडे जायचं. सीमोल्लंघन हा शब्द आम्हाला शाळेत कळला. घरी त्याला 'चास पाहायला जाणं' म्हणत. आबाजी सकाळीच धोतर सावरून पुढे आणि आम्ही तिघं भावंडं मागे. पांदणीत गुडघाभर चिखल, दोन्ही बाजूंना ज्वारी नि पऱ्हाटी. शिवेपलीकडे पुलगाव–आर्वीच्या छोट्या गाडीचा रूळ, त्याच्या कडेने तारायंत्राचे खांब. त्या तारेवर चास बसलेला असे. बसलेला असताना तो अगदीच सामान्य दिसतो, मातकट, मान आखडलेला, थंडी वाजल्यासारखा. पाहुण्याला दाखवला तर तो म्हणेल, यासाठी आणलंत? पण खाली टोळ दिसला की तो झेप घेतो आणि पंख उघडताच निळ्याच्या दोन छटा अशा काही उजळतात की काय सांगू! आबाजींचा नियम होता, बसलेला पाहिला तो अर्धाच पाहिला. उडेपर्यंत हलायचं नाही. माईला भूक लागायची, ती भोकाड पसरायची, तरी नाही. एका वर्षी उन्हं चढली तरी चास दिसलाच नाही. आबाजी म्हणाले, चला, आणि आपट्याची पानं घेऊन परतलो. घरी कोणी अपशकुन वगैरे काढला नाही.

रावणावर चालून जाण्याआधी रामाला हा दिसला असं सांगतात. हिंदीवाले शंकराच्या नावाने त्याला नीलकंठ म्हणतात. असेल. मला कुणब्याचं कारण जास्त पटतं. पावसाळ्यात हा आपल्या शिवारात फारसा नजरेस पडत नाही. पाऊस ओसरला, पिकं निघायला लागली, वावर उघडं पडलं, की टोळ-नाकतोडे टिपायला तो तारांवर हजर होतो. म्हणजे चास दिसला की समजावं, पीक हाताशी आलं. तिकडे तेलंगणात याला पालपिट्टा म्हणतात, दसऱ्याला तेही त्याचं दर्शन घेतात आणि तो त्यांचा राज्यपक्षी आहे. आपल्या वर्धेकरांनीही २०१८ साली मतं टाकून शहरपक्षी निवडला, तो हाच, नीलपंख.

आता पिंजऱ्यातला चास पाहा. तो उडू नये म्हणून त्याचे पंख बांधतात, कधी चिकटवतात. म्हणजे निळा रंग दिसायची सोयच ठेवलेली नाही. आबाजींच्या हिशेबाने माईने वीस रुपये देऊन अर्धाच चास पाहिला. हे तिला तू असं सांगितलं असतंस तर ती ऐकती. तू कलमं सांगत बसलास. आणि पैसे देऊन सोडवून घेऊ, पुण्य लागेल, असंही तिच्या मनात यायला नको. एक सोडवला की पुढच्या वर्षी दोन धरतात.

तो माणूस पारधीच असणार, हे मात्र तू कशावरून ठरवलंस? फासेपारध्यांना फासा लावता येतो हे खरं, पण पाखरू कुठे उतरतं, कुठे अंडी घालतं, हेही त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. वाशिम जिल्ह्यात कारंजा लाडच्या बाजूला त्याच समाजातली माणसं तणमोर वाचवायच्या कामाला लागली, गवताची राखण करू लागली.

सगळ्याच रीती मी पाठीशी घालतो असं समजू नको. रात्री टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार, ही तुझ्या मामीची समजूत मला आजवर मोडता आली नाही. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत अंडी घालते. कुत्रं, कोल्हा, माणूस, कोणीही फिरकलं तरी ती बोंबलणारच. तिची अंडी उंचवट्यावर दिसली तर पाऊस जास्त, असंही म्हणतात. ते खरं की खोटं ते राहू दे, त्या निमित्ताने माणूस पेरणीआधी धुऱ्याधुऱ्याने खाली बघत फिरतो, एवढं मी पाहिलंय. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो तेव्हाही बाकी काही नाही तरी कान आभाळाकडे लागतात. मारुती चितमपल्लींनी जंगलात राहून असलं कितीतरी लोकांकडून गोळा केलं. यंदाच पद्मश्री मिळाली आणि जूनमध्ये ते गेले. त्यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, सरकार आता पक्षी सप्ताह पाळतं.

एक गोष्ट मला अलीकडे खटकते. धनोडीला निम्न वर्धाचं धरण झालं, ३१ दरवाजांचं. गावं उठली, वावरं बुडाली आणि त्याच पाण्यावर दिवाळीनंतर बदकांचे थवे उतरतात. चोचीच्या बुडाशी लाल ठिपके नि टोकाला पिवळं, म्हणून एका बदकाला हळदीकुंकू म्हणतात, ते तर बाराही महिने इथलंच. थंडीत चक्रवाकाची जोडी येते, लडाख-तिबेटाकडून. रात्री नराला आणि मादीला एकमेकांपासून दूर राहावं लागतं, अशी त्यांची जुनी कथा. पण गावातल्या पोरांना विचार, सगळीच 'बदकं'. या पाण्याची अजून एकही रीत नाही. ज्यांची घरं बुडाली त्यांनी त्या काठावर काय म्हणून हात जोडावे, हेही आहेच म्हणा.

उद्या सर्वपित्री. कावळ्याला घास ठेवताना आबाजींसाठी वड्या करणार आहे तुझी मामी. यंदा दसरा २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीलाच आलाय. आदल्या रात्री माईला घेऊन मुक्कामाला ये. छोटी गाडी बंद झाली, तारायंत्राचे खांबही गेले. पण पांदणीच्या तोंडाशी वीजमंडळाची तार आहे आणि गेल्या वर्षी चास तिच्यावर बसला होता. सहाला निघू. पाऊस अजून गेलेला नाही, तेव्हा माईला म्हणावं, चांगल्या चपला आणू नको. आणि खायला काहीतरी जवळ ठेव, नाहीतर ती अजूनही रडेल.

तुझा
मामा

ता. क. – दिसला नाही तर नाही. सोनं वाटू आणि जेवायला येऊ.