जवळपासचा आकडा

घरात काही वस्तू अशा असतात की त्या बंद पडल्याखेरीज त्यांचे अस्तित्व कुणाच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरच्या मॉनिटरला वीज देणारा अडॅप्टर ही त्यांतलीच एक. वायरीच्या मधोमध साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. टेबलामागे धूळ खात पडलेला, हात लावला तर जरा कोमट लागणारा. मॉनिटर आपण पुसतो, कीबोर्ड झटकतो, पण या ठोकळ्याला वर्षानुवर्षे कुणी उलटा करूनही पाहत नाही. आणि गंमत अशी की त्याच्याविषयी जे जाणून घ्यायचे ते सारे त्याच्या पाठीवरच लिहिलेले असते. फक्त इतक्या बारीक अक्षरांत की साठी उलटलेल्या माणसाने भिंग शोधायला उठावे.

आमच्या वसमतच्या घरी मॉनिटर आहे तो वहिनींचा. माझ्या थोरल्या भावाच्या त्या पत्नी. हयात शाळेत शिकवण्यात गेली. आता शहात्तरी गाठली आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना समोरच्या माणसाचे कान दिसू लागले आणि नाक दिसेनासे झाले. डोळ्याच्या आतला मधला भाग झिजतो आहे, कडेचे दिसत राहील, मधले हळूहळू कमी होईल, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. किती दिवसांत, ते काही त्यांनी सांगितले नाही. वर्तमानपत्र सुटले, पोथी सुटली. मग पुतण्याने पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर आणि चोवीस इंची मॉनिटर आणून बसवला. एकेक अक्षर लिंबाएवढे मोठे करून वहिनी पुन्हा वाचू लागल्या.

वाचत होत्या ती भावाची पत्रे. नोकरीपायी तो निम्मे आयुष्य परगावी राहिला आणि आठवड्याला एक याप्रमाणे पत्रे लिहीत गेला. तो गेल्यावर ती ट्रंकेत निघाली. मी ती एकेक करून कॉम्प्युटरवर चढवली, आणि रोज दुपारी एक पत्र असा वहिनींनी नेम केला.

भाद्रपदात एका विजांच्या रात्रीनंतर मॉनिटर लुकलुकू लागला. दिवा लागे, विझे. ठोकळ्यातून टिक्‌टिक्‌ असा आवाज येई. दुसऱ्या दिवशी तेवढेही उरले नाही. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, दहा वर्षांचा मॉनिटर झालाय. टाकून द्या, नवा मागवतो." तरुण माणसे मोठ्या मनाची असतात, पण मोठ्या मनाला चौकशीची सवय नसते. मी ठोकळा आणि मॉनिटर दोन्ही रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानी नेले. तिथल्या पोराने मीटर लावून दाखवले : अडॅप्टर मोकळा असला की १४ व्होल्ट नीट दाखवायचा, आणि मॉनिटर जोडताच काटा खाली कोसळायचा. म्हणजे मॉनिटर धडधाकट होता. त्याला जेवू घालणारा तेवढा थकला होता.

इथून शोध सुरू झाला. बाजारपेठेतल्या पहिल्या दुकानात बारा व्होल्टचा अडॅप्टर पुढे आला. "दोन व्होल्टनं काय होतंय काका? बसते की पिन बराबर!" दुसऱ्या दुकानात एकोणीसचा निघाला, त्याचीही पिन बसली, अगदी माहेरी आल्यासारखी बसली. तिसऱ्याने आठ टोपणांचा आणि एका खटक्याचा सर्वगुणसंपन्न अडॅप्टर काढला. त्यावर बारा होते, पंधरा होते, पुढे चोवीसपर्यंत सारे होते, चौदा तेवढे नव्हते. "पंधरावर ठेवा ना," तो म्हणाला.

मी नोकरीची तीस वर्षे हळदीच्या काट्यावर काढली आहेत. वसमतची हळद मोंढ्यात येते तेव्हा गावाच्या हवेलाही पिवळा रंग चढतो, आणि त्या हंगामात 'जवळपास' हा शब्द मी शेतकऱ्याच्याही तोंडून ऐकला आहे आणि व्यापाऱ्याच्याही. त्या शब्दात एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा हटकून लपलेला असतो. आमच्या मराठवाड्याला हे वडिलांच्या पिढीपासून ठाऊक आहे. निजामी अमलात इथे हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे कलदार. दोन्ही रुपयेच, दोन्ही हातात सारखेच वाजणारे. पण साधारण सात हाली तेव्हा सहा कलदार. हे ज्याला ठाऊक नसे तो परमुलखात बाजार करून येई आणि घरी हिशेब लागत नसे. रुळांचेही तेच. पूर्णा-अकोला लाईन २००८ साली ब्रॉडगेज झाली. त्याआधी काही वर्षे मोठ्या गाडीतून येणाराला पूर्णेला बोचके घेऊन उतरावे लागे. रूळ दोन्हीकडे लोखंडाचेच होते; एक मीटर आणि १.६७६ मीटर एवढाच काय तो फरक.

मात्र अडॅप्टरची खरी मौज पुढेच आहे. त्याच्या पाठीवरचे सगळेच आकडे सारख्या कडक स्वभावाचे नसतात. आमच्या जुन्या ठोकळ्यावर दोन मुख्य आकडे होते : १४ व्होल्ट आणि २.१४ अँपिअर. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे तीस वॅट. यातला व्होल्टचा आकडा जसाच्या तसा जुळला पाहिजे. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा त्याहून मोठा असला तरी चालतो. दुकानात निम्मी माणसे नेमकी याच्या उलट घाबरतात. तीन अँपिअर पाहिले की "जास्त करंट जाईल" म्हणून मागे सरतात, आणि व्होल्टचे मात्र मनावर घेत नाहीत.

गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणावी. टाकी किती उंच आहे, त्यावर नळाचा जोर ठरतो, ते व्होल्ट. टाकी नि नळी किती पाणी पुरवू शकतील, ते अँपिअर. नळी मोठी असली म्हणून घागर फुटत नाही, ती आपल्यापुरतेच पाणी घेते. पण टाकी भलत्याच उंचीवर नेली तर नळाची चकती उडते, आणि फार खाली आणली तर वरच्या मजल्यावर नुसती वाफ निघते. एकोणीस व्होल्टने मॉनिटरच्या आतले भाग जळू शकतात. बाराने कदाचित तो लागलाही असता, आणि उजेड वाढवताच पुन्हा विझला असता. वहिनींना तर उजेड पूर्ण हवा असतो.

राहिली पिन. तिचे माप मिलिमीटरांत असते, बाहेरचे वेगळे आणि आतले वेगळे. आमच्या मॉनिटरला मधोमध बारीक सुई असलेली लागते. पण तिच्यावर विसंबू नये, कारण चौदाच्या आणि एकोणीसच्या अडॅप्टरला एकाच मापाची पिन असू शकते. ती बनवणाऱ्यांनी हा घोळ का करून ठेवला आहे, देव जाणे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांना एकाच प्रकारचे भोक सक्तीचे झाले आहे. मॉनिटरांचे नशीब अजून उघडायचे आहे. पाठीवर एक वर्तुळाची खूण असते, तीही पाहावी. मधल्या ठिपक्याकडून अधिकाचे चिन्ह निघत असेल तर नव्यावरही तसेच हवे. धन-ऋण उलटे झाले तर बाकी सारे जुळूनही उपयोग नाही. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणीचा आकडा आहे की नाही, हे मी शेवटी पाहिले. वजनावर मात्र जाऊ नये. पूर्वीच्या अडॅप्टरांत तांब्याच्या वेढ्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असे. आताचे जातीनेच हलके असतात. काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला हे मानणे जड गेले, ते असो.

तिन्ही दुकानांतून रिकाम्या हाताने परतलो तेव्हा नववा दिवस होता. वहिनी ओसरीवर वाती वळत होत्या. हाताला डोळे लागत नाहीत असे काम त्यांनी शोधून काढले होते. मी त्यांना बारा-चौदा-एकोणीसचा सारा गोंधळ सांगितला आणि म्हटले, "दुकानदार म्हणतो, पंधरावर चालून जाईल. तोवर लावू का? तुमची पत्रे खोळंबली आहेत."

त्यांनी वात बाजूला ठेवली. "भाऊजी, चष्म्याचा नंबर जवळपासचा घेतला तर चालतो का हो?"

"चालत नाही."

"चालतो. दोन दिवस चालतो, मग डोकं धरतं. तुम्ही नांदेडला जाऊन या. दहा दिवस थांबले, अकरावा थांबेन."

अकरावा दिवस त्यांच्या हिशेबात काय किमतीचा होता, ते मला ठाऊक होते. सकाळच्या पहिल्या एस्‌टीने निघालो. नांदेडच्या चौथ्या दुकानात चौदा व्होल्ट, तीन अँपिअरचा ठोकळा मिळाला. पिन तीच, वर्तुळाची खूण तीच, नोंदणीचा आकडा ठळक. दुकानदाराने साडेचारशे सांगितले. मी भिंगातून पाठ दोनदा वाचली तेव्हा त्याने खुर्ची दिली, आणि पैसे दिले तेव्हा घासाघीस का केली नाही म्हणून आश्चर्य केले.

दुपारी मॉनिटर लागला. मी तासभर ठोकळ्यावर हात ठेवून बसलो. कोमट होता, तापला नव्हता. वहिनींनी राहिलेले पत्र काढले. भावाने त्यात हळदीचा भाव विचारला होता, आणि खाली, कोपऱ्यात दाटीवाटीने, आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या कागदावर मला कधी लागल्या नव्हत्या. वहिनींनी त्या इतक्या मोठ्या केल्या की एकेक शब्द मॉनिटरभर झाला. एकेक शब्द सरकवत त्यांनी त्या स्वतःशी वाचल्या. मला वाचून दाखवल्या नाहीत, आणि मीही विचारले नाही.

संध्याकाळी घरातले सारे ठोकळे मी एका परातीत गोळा केले. नऊ निघाले. इंटरनेटच्या डबीचा, टीव्हीच्या डबीचा, दोन कशाचे ते शेवटपर्यंत कळले नाही. प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवून मी त्याचे नाव आणि व्होल्ट लिहायला घेतले. पहिलीच पट्टी वहिनींनी हातात घेतली, डोळ्याच्या कडेशी नेली आणि परत दिली.

"बोटभर उंच अक्षर काढा," त्या म्हणाल्या. "मलाही वाचायचं आहे."