सुट्टे

अण्णा एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होते, फलटण आगाराला. सकाळच्या ड्युटीला निघायच्या आधी ते गल्लीतल्या मारुतीच्या पुजाऱ्याकडे जायचे, शंभराच्या दोन-तीन नोटा द्यायचे आणि पेटीतली चिल्लर घेऊन यायचे. कारण पहिल्या स्टॉपला चढणारा पहिला माणूस हमखास पाचशेची नोट काढतो आणि तिकीट असतं पंधरा रुपयांचं. "सुट्टे द्या" हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. आई म्हणते, झोपेतसुद्धा म्हणायचे.

मी त्यांची मुलगी. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि रात्री लेगो जोडते. (हसून घ्या. ऑफिसात सगळ्यांचं हसून झालंय.) अण्णा रिटायर झाले तेव्हा मी ठरवलं, त्यांना एक लालपरी करून द्यायची. तयार सेट आणता आला नसता, कारण तसा सेटच नाही. लंडनची लाल डबलडेकर लेगोने २०१७ साली काढली, १,६८६ तुकड्यांची. लोणंदच्या स्टँडवर धुरळा उडवत शिरणाऱ्या गाडीचं खोकं अजून कुणी काढलेलं नाही. खोकं नसेल तर मग एकेक तुकडा जमवायचा. या छंदात अशा कामाला 'एमओसी' म्हणतात, म्हणजे माय ओन क्रिएशन. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात ती रात्री दोन वाजेपर्यंत चालणारी भाजीखरेदी असते.

डिझाइनला पैसे पडत नाहीत. स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्क्रीनवर हवे तेवढे ठोकळे जोडा. खरी बस साधारण अडीच मीटर रुंद. लेगोच्या एका बटणापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ८ मिलिमीटर. गाडी आठ बटणं रुंद धरली की ६४ मिलिमीटर होते, म्हणजे खऱ्याच्या चाळिसाव्या भागाएवढी. मी ऑफिसच्या बसमध्ये, जेवताना, एकदा तर मीटिंग चालू असताना गाडी रचत होते. पुढचा जाड बंपर, पिवळा पट्टा, खिडक्यांच्या आडव्या सळ्या, मागची शिडी, टपावरचं कॅरियर. एका सीटवर रुमालसुद्धा टाकला, पांढरी १x१ टाइल. महिन्याभराने यादी आली: ९१२ तुकडे, ७४ प्रकार.

आणि मग भाव बघितले.

सुट्या तुकड्यांचा जगातला सगळ्यात मोठा बाजार म्हणजे ब्रिकलिंक. २००० साली डॅन जेझेक नावाच्या तरुणाने तो सुरू केला, २०१९ साली खुद्द लेगो कंपनीने विकत घेतला. जगभरचे छोटे छोटे दुकानदार, बरेचसे आपल्या घराच्या तळघरात बसलेले, तिथे तुकडे विकतात. प्रत्येक तुकड्याला नंबर आहे. तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो २x४ चा ठोकळा म्हणजे ३००१. मला लागणारा १x४ म्हणजे ३०१०. गेल्या सहा महिन्यांत कुठला तुकडा कुठल्या रंगात सरासरी किती भावाने गेला, तेही दिसतं. मार्केट यार्डात कांद्याचा भाव लागतो तसं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की इथे प्लास्टिकला तशी किंमत नाही. तो तुकडा त्या रंगात किती सेटमध्ये येऊन गेला, यावर भाव ठरतो. लाल १x४ सात सेंटला मिळाला, कारण आजवर निघालेल्या फायर इंजिनांची मोजदाद नाही. माझं नशीब की एसटी लाल आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटलेली पहिली गाडी निळी-चंदेरी होती. मला ती करायची असती तर चंदेरी तुकड्यांनीच दिवाळं काढलं असतं.

रंगांच्या नावांनी मला एकदा चांगलंच फसवलं. कंपनी रंगांना एका नावाने ओळखते, ब्रिकलिंक दुसऱ्या. त्यात २००४ च्या सुमारास कंपनीने करडा रंगच बदलला, जुना थोडा पिवळट होता, नवा निळसर. मी स्वस्त दिसला म्हणून जुना करडा मागवला आणि नव्याच्या शेजारी लावल्यावर गाडीची चेसी न धुतलेल्या डब्यासारखी दिसायला लागली. ते तुकडे आता ड्रायव्हरच्या सीटखाली आहेत.

खरी गोम टपालखर्चात आहे. ७४ प्रकार आहेत, प्रत्येक प्रकार जिथे सगळ्यात स्वस्त तिथून घेतला तर यादी वीसेक दुकानांत फुटते. प्रत्येक दुकानाचं टपाल वेगळं, प्रत्येकाची किमान खरेदी वेगळी. तीस सेंटचे चार तुकडे हवे असतात आणि दुकान म्हणतं, निदान पंधरा युरोंचा माल घ्या. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला एकदम अण्णांच्या गाडीत चढल्यासारखं वाटलं. फक्त या वेळी पाचशेची नोट घेऊन चढलेली मी होते.

तेव्हापासून मी उलट दिशेने काम करते, आणि नवीन कुणी विचारलं तर हेच सांगते. यादीतल्या सगळ्यात अवघड पाच-सहा तुकड्यांपासून सुरुवात करा. ते ज्या दुकानात एकत्र मिळतील ते दुकान महाग असलं तरी पकडा, आणि बाकीचं जमेल तेवढं तिथूनच उचला. लाल ठोकळा सातऐवजी नऊ सेंटला पडला तरी चालतो. दोन सेंट वाचवायला पाचवं दुकान उघडलं की सोळा युरो गेलेच. मग डिझाइनला हात घाला. एक दुर्मीळ लांब तुकडा असेल तर तिथे दोन आखूड बसतात का बघा. जे बाहेरून दिसत नाही ते कुठल्याही रंगाचं चालतं. माझ्या लालपरीच्या पोटात हिरवं, जांभळं, गुलाबी असं काय काय आहे. मागचं चाक काढलं तर लग्नाच्या मांडवात डोकावल्यासारखं वाटतं. आणि तुकड्याचं नाव विसरा, आकार बघा. खिडकीच्या सळ्यांसाठी मी आठवडाभर 'सळई' शोधत होते. शेवटी सापडलं की स्टार वॉर्समधल्या लाइटसेबरचं पातं म्हणजे नुसती चार बटणं लांबीची दांडी आहे. करड्या रंगात ती ढिगाने मिळते. माझ्या एसटीच्या खिडक्यांना अशी २८ पाती आहेत. फलटणच्या प्रवाशांना बाकी कुणी एवढं संरक्षण दिलं नसेल.

पुण्यातल्या पुण्यात काही मिळतं का तेही बघितलं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गेले. तिसऱ्या रविवारी एका ताडपत्रीवर, मिक्सरची भांडी आणि मोबाइलचे चार्जर यांच्या मधे, सिमेंटच्या पिशवीत भरलेले ठोकळे दिसले. विकणाऱ्याने चारशे सांगितले, अडीचशेला दिले. खरे लेगो ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, अगदी बारीक. मी घरी फरशीवर बसून एकेक बटण मोबाइलच्या टॉर्चखाली धरलं. पिशवीतले जेमतेम साठ खरे निघाले. बाकीचे कुठलेकुठले, काही तर एकमेकांतसुद्धा बसेनात. ते साठ मात्र कोमट पाण्यात साबण घालून धुतले आणि आज टपावर आहेत.

आता प्रश्न नकलेचा. ठोकळ्याचं पेटंट १९५८ चं, ते कधीच संपलं. त्यामुळे लेगोत बसतील असे ठोकळे दुसऱ्या कंपन्या राजरोस बनवतात. चिनी गोब्रिक्सचे मी वापरलेत आणि ते चांगले आहेत, पकडसुद्धा घट्ट. सोवळेवाले लोक यावर फार चिडतात. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मी पगाराच्या शेवटच्या आठवड्यात पार्सल मागवताना पाहिलेलं नाही. कुणी सबंध सेटची नक्कल करून, चित्रासकट खोकं छापून विकत असेल तर ती चोरी आहे, ते मी घेत नाही. नुसता ठोकळा घेते. चेसी सगळी गोब्रिक्सची आहे.

परदेशातून मागवण्याचं एक दुखणं आपल्याकडचंच. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ साली ७०. मी हौसेने एक पार्सल सरळ घरी मागवलं होतं. दारात कुरिअरवाल्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून मी त्याला आधी पाणी दिलं आणि मग स्वतः प्यायले. त्यानंतर सगळी खरेदी जर्मनीतल्या मावसभावाच्या पत्त्यावर. तो दिवाळीला येतो. त्याच्या बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीसाठी ठेवलेल्या जागेतून माझे ठोकळे आले.

हे सगळं जमलं, आणि अडलं ते कंडक्टरपाशी.

लेगोच्या माणसाचं धड सुटं मिळतं. मला खाकी सदरा हवा होता. दोन पर्याय दिसले. एक साधा, खाकीच्या जवळ जाणाऱ्या रंगाचा, कोरा, चाळीस सेंट. दुसरा फॉरेस्ट पोलिसाचा, खिसे छापलेले आणि छातीवर सोनेरी बिल्ला. साडेतीन युरो, आणि तो होता पाचव्याच दुकानात. तोवर मी १०४ युरोंवर पोचले होते. साडेदहा हजार रुपये. अण्णांना ईपीएस-९५ चं पेन्शन येतं ते महिन्याला तीन हजारांच्या आत. म्हणजे त्यांची साडेतीन महिन्यांची पेन्शन मी एका हातभरही नसलेल्या बसमध्ये घातली होती. कुठेतरी थांबायला हवं होतं. मी कोरं धड घेतलं. पाऊण इंचाच्या छातीवर कोण काय बघणार आहे!

डिसेंबरात आई-अण्णा पुण्याला आले. मी गाडी मुद्दाम जोडून ठेवली नव्हती, त्यांच्यासमोर जोडायची होती. अण्णांनी पिशव्या बघितल्या, चष्मा लावला आणि मी काही सांगायच्या आत चहाच्या ताटलीत तुकडे लावायला लागले. लहान इकडे, मोठे तिकडे, दहा-दहाच्या चळती. तिकिटाच्या ट्रेमध्ये नाणी लावतात तशा. मला दोन दिवस लागले असते ते त्यांनी दुपारच्या चहापर्यंत उरकलं. "नऊशे अकरा आहेत," म्हणाले. "एक कमी आहे." तो सोफ्याखाली सापडला.

जोडता जोडता त्यांनी विचारलंच. "कितीला पडलं गं हे?"

"दीड हजार," मी म्हटलं.

त्यांनी छताकडे बघितलं. हिशेब करताना ते छताकडे बघतात. "म्हणजे तुकडा पावणेदोन रुपयाच्या आतच. बरंय की. स्वस्त आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीची सळई बसवत होते.

संध्याकाळी गाडी उभी राहिली. अण्णांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठ्याच्या कपट्यावर पाटी लिहिली, 'पुणे – फलटण, मार्गे सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद', आणि पुढच्या काचेमागे खोचली. अक्षर इतकं बारीक की मला मोबाइलवर झूम करून वाचावं लागलं. गाडी हातात धरून त्यांनी सगळीकडून फिरवली. शिडी बघितली, कॅरियर बघितलं. रुमाल दिसल्यावर हसले. मग बोटाच्या चिमटीत कंडक्टर उचलला, दिव्याखाली धरला.

"याचा बिल्ला कुठाय?"

मी म्हटलं, "अण्णा, तेवढं बारीक नाही करता येत."

"बिल्ल्याशिवाय ड्युटीवर चढताच येत नाही," ते म्हणाले. रागाने नाही, नियम सांगितल्यासारखं. "लायसन, बिल्ला. चेकिंगवाले पहिलं तेच बघतात." कंडक्टर त्यांनी गाडीत परत ठेवला नाही, टेबलावर उभा केला. गाडी शेजारी, कंडक्टर खाली.

जेवणं झाली तरी तो तिथेच होता. शेवटी मीच म्हटलं, "मिळतो तसा. बिल्ला असलेला."

"मग?"

"महाग आहे."

"कितीला?"

खोटं बोलायला मला पुरेसा वेळ मिळाला नाही. "साडेतीनशे."

अण्णांनी छताकडे बघितलं. मग टेबलावरच्या गाडीकडे, मग ताटलीत उरलेल्या तुकड्यांकडे. मुक्कामी पोचल्यावर रोज रात्री ज्या माणसाने तिकिटं आणि पैसे जुळवले, दोन रुपये कमी आले तर खिशातून भरले, त्याला हे जुळवायला किती वेळ लागणार? एक तुकडा साडेतीनशेला आणि बाकीचे पावणेदोन रुपयांना. ते काही बोलले नाहीत. आई उगाच भांडी आवरायला उठली.

थोड्या वेळाने ते आतल्या खोलीत गेले आणि पिशवी घेऊन आले. शंभराच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या. त्यांच्यावर दहाची पाच नाणी, एकावर एक.

"घे," म्हणाले. "सुट्टे आहेत माझ्याकडं."

मी घेतले. टपालाचे सोळा युरो वेगळे पडतात, ते काही सांगितलं नाही.