वासे दिसले पाहिजेत

ब्रिटनमधली जुनी घरं तपासणं हा माझा व्यवसाय. कधी घर घेणाऱ्याच्या वतीनं, कधी कर्ज देणाऱ्या बँकेच्या वतीनं मी घर बघतो आणि अहवाल लिहितो. या तपासणीत माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो माळ्यावर, म्हणजे इथल्या लॉफ्टमध्ये. भिंतींना ताजा रंग देता येतो, ओल आलेल्या कोपऱ्यापुढे कपाट सरकवता येतं. माळा मात्र कुणी सजवत नाही, म्हणून तिथे घर खरं बोलतं.

इंग्लंडमधली साधारण पाचांतली एक वास्तू १९१९ च्या आधीची आहे. अशा घराच्या माळ्यावर टॉर्च फिरवली की छपराचा सगळा इतिहास वाचता येतो. आढ्यापासून खाली उतरणारे वासे, त्यांवर आडव्या रिपा आणि रिपांवर खिळ्यांनी टांगलेली वेल्समधली निळसर-करडी स्लेट. खिळे गंजले असतील तर स्लेट घसरून उजेडाची बारीक रेघ दिसते. धुराड्याच्या कडेचं शिसं फाटलं असेल तर शेजारच्या वाशावर पाण्याचा तपकिरी ओघळ असतो. लाकडाला कीड लागली असेल तर भोकांखाली पिठासारखी भुकटी सापडते. सांगायचं ते सगळं छप्पर आतून सांगत असतं.

गेल्या काही वर्षांत मात्र झाकण उचलून डोकं वर काढावं तर यातलं काहीच दिसत नाही, असं वारंवार होतं. वासे नाहीत, रिपा नाहीत, स्लेट नाही. उतू गेलेलं दूध जागच्या जागी थिजावं तसा पिवळट फेस आढ्यापासून वळचणीपर्यंत पसरलेला. हा घरातली ऊब टिकवायला फवारलेला स्प्रे फोम. बीबीसीनं २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक घरांत तो आहे.

मुळात हा पॉलियुरेथेन. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर यांनी त्याचं रसायन शोधलं. दोन पिंपांतली दोन द्रवं गरम होऊन नळ्यांतून येतात, बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि फवारताक्षणी काही सेकंदांत फुगून घट्ट होतात. त्यातलं आयसोसायनेट श्वासात गेलं तर कामगाराला कायमचा दमा जडू शकतो. म्हणून फवारणारा माणूस बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालतो आणि घरच्यांना तेवढा वेळ बाहेर जावं लागतं. फोम दोन प्रकारचा. ओपन सेल मऊ, स्पंजासारखा दबणारा, वाफ आरपार जाऊ देणारा. क्लोज्ड सेल कडक आणि वजनदार, वाफेला जवळजवळ अडवणारा, आणि लाकडाला असा चिकटणारा की सोडवताना लाकडाचा पापुद्रा सोबत यावा.

त्याचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तो प्रत्येक फटीत शिरतो. ब्रिटनच्या घरांतली ऊब भिंती-छपरांतून जाते तशी फटींतून शिरणाऱ्या वाऱ्यानंही जाते, आणि त्या वाऱ्याला फोमइतकं पक्कं कोणी रोखत नाही. वेड्यावाकड्या कोनांच्या जागी, पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी कंटेनरच्या घरात त्याला तोड नाही. अमेरिका-कॅनडात तो उदंड वापरतात, पण तिथल्या नव्या घरांच्या वाशांवर सलग फळ्यांचं आवरण असतं आणि वाफेचा हिशेब आराखड्यातच धरलेला असतो. इथेही नव्या घरात, श्वास घेणाऱ्या पडद्याखाली हवेची पोकळी राखून, आकडेमोड करून फवारलेल्या फोमला माझी हरकत नाही.

माझी हरकत आहे ती शंभर वर्षांच्या छपरावर एका दिवसात फवारून जाण्याला. जुनं छप्पर टिकलं ते वाऱ्यामुळे. स्लेटमधून थोडं पाणी आत यायचं, वाशाला लागायचं आणि वळचणीतून आलेला वारा ते वाळवून टाकायचा. थेट स्लेटच्या पाठीवर फोम मारला की ते पाणी रिपा आणि वाशांपाशीच अडकतं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्लेट-कौलांखाली डांबरी फेल्ट घालू लागले. त्यातून वाफ जात नाही. चौघांच्या कुटुंबाचा श्वास, स्वयंपाक, अंघोळी आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला साधारण दहा-बारा लिटर पाणी हवेत जातं. ती दमट, उबदार हवा वर चढते, ओपन सेल फोममधून सहज पलीकडे जाते आणि हिवाळ्यातल्या गार फेल्टवर तिचं पाणी होतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की बुरशीला हवी ती जमीन मिळते.

आणि हे सगळं कशासाठी? जुन्या वाशांची खोली पुष्कळदा १०० मिलिमीटरही नसते. तेवढ्या जाडीचा ओपन सेल फोम उष्णता जितकी अडवतो, त्याच्या दुपटीहून जास्त ती छताच्या आडव्या तुळयांवर अंथरलेली २७० मिलिमीटरची साधी खनिज लोकर अडवते. लोकर स्वस्त आहे, गुंडाळी उचलून खाली काय चाललंय ते बघता येतं आणि नको झाली तर काढून टाकता येते. फक्त ती अंथरताना वळचणीचा वारा कोंडू द्यायचा नाही. हे गणित दारावर येणारा विक्रेता मांडत नाही.

लेस्टरमधल्या एका मराठी डॉक्टरकाकांच्या घरी हे मला फार जवळून बघायला मिळालं. सत्तरच्या दशकात ते इथे एनएचएसमध्ये आले, त्याच घरात मुलं वाढवली. काकू गेल्यावर मुलीच्या गावी राहायला जायचं ठरवून त्यांनी घर विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, आणि खरेदीदाराच्या बँकेनं माळ्यावरचा फोम बघून कर्ज नाकारलं. काका म्हणाले, ‘‘अरे, सरकारनंच अर्धे-अधिक पैसे दिले होते, मग वाईट कसं असेल?’’ त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात चाललेल्या ग्रीन होम्स ग्रँटमध्ये खर्चाचा दोन तृतीयांश वाटा, बहुतेकांना ५,००० पौंडांपर्यंत, सरकार उचलत होतं आणि स्प्रे फोम त्यात बसत होता.

मी त्यांच्या माळ्यावर गेलो. काकांच्या परवानगीनं दोन्ही उतरणींवर फोमचे तुकडे कापून काढले आणि ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया वाशात टोचल्या. दक्षिणेच्या उतरणीवर १५ टक्के, लाकूड खणखणीत. उत्तरेच्या उतरणीवर, जिथे हिवाळ्यात ऊन येतच नाही, तिथे २६. फेल्टच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर पाणी लागलं. वाशाच्या कडेवर स्क्रूड्रायव्हर दाबला तेव्हा टोक थोडं आत गेलं. एकाच घरात, एकाच दिवशी फवारलेल्या फोमखाली दोन वेगळी छपरं होती. बाहेरून बघणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं, आणि बँकेचं म्हणणं तरी दुसरं काय होतं? फोम काढण्याचा अंदाज फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त आला. खरेदीदार तोवर थांबला नाही.

म्हणून बँकांवर राग धरणं मला पटत नाही. बीबीसीच्या २०२४ च्या पाहणीत आढळलं की मोठ्या कर्जदात्यांपैकी पाव भाग छपरात फोम असलेल्या घरावर कर्ज देतच नव्हते. अशी बहुतेक छपरं कुजली आहेत असा याचा अर्थ नव्हे. ती कुजलेली नाहीत हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, एवढाच अर्थ. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या सर्वेक्षकांच्या आणि ओल-बुरशीच्या कामातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून फोमच्या तपासणीची पद्धत ठरवून दिली. फवारणीपूर्वीचा अहवाल, वाफेचा हिशेब, फोमचं प्रमाणपत्र आणि वायुवीजनाचे फोटो हाताशी असतील तर अशा घराबद्दलही नीट मत देता येतं. माझ्या पाहण्यात ही कागदपत्रं धडपणे क्वचितच मिळतात.

मी कोकणातल्या कौलारू घरात वाढलो. पावसाआधी घर शाकारताना माणूस छपरावर चढायचा, फुटकी कौलं बदलायचा, एखादी रीप हातात तुटली तर तिथल्या तिथे नवी ठोकायचा. खाली ओटीवर बसलेल्या आजोबांनाही पान खाता खाता कुठला वासा खचला ते दिसायचं. दुरुस्ती स्वस्त पडायची, कारण दोष लहान असतानाच नजरेला पडायचा. ब्रिटनचा पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण तो बाराही महिने रेंगाळतो, आणि रेंगाळणारी ओल लाकडाला जास्त घातक. अशा देशात छपराचं लाकूड डोळ्याआड करणं हा मला फोमचा सगळ्यात मोठा अवगुण वाटतो.

आता तर फोम काढून देणाऱ्यांचेही फोन म्हाताऱ्या माणसांना येऊ लागले आहेत: छप्पर कोसळेल, आजच सही करा. ज्यांच्या घरी फोम आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. काढण्या-घालण्याच्या धंद्यात नसलेल्या सनदी सर्वेक्षकाला आधी बोलवावं, दोन-चार ठिकाणी लाकूड उघडं करून मोजून घ्यावं, आणि छप्पर कोरडं असेल तर कागदपत्रं जमवून ठेवावीत.

इथे पहिलं घर घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की स्वयंपाकघराआधी लॉफ्टचं झाकण उघडायला लावा आणि किंमत बोलण्याआधी बँकेला फोमबद्दल विचारा. आणि आईवडील इथे एकटे राहत असतील तर त्यांना एवढं आवर्जून सांगून ठेवा: घरी येऊन कुणी करार करून घेतला असेल, तर तो १४ दिवसांच्या आत, कारण न देता, लेखी कळवून रद्द करता येतो. ती मुदत संपण्याआधी काम सुरू करायला संमती मात्र देऊ नये.