ताप उतरला, पण श्वास?

‘जरा कणकण आहे, दोन दिवसांत बरे वाटेल,’ हे वाक्य पावसाळ्यात प्रत्येक घरात एकदा तरी ऐकू येतेच. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो आणि गवती चहा, मऊ भात, मेतकूट यांच्या आधाराने माणूस पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच आपल्याकडे फ्लूला कोणी आजार मानत नाही. टायफॉइड म्हटले की घर हादरते. फ्लू म्हटले की ‘व्हायरल आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

याच्या अगदी उलट चित्रही मी पाहिले आहे. ऑगस्ट 2009 मध्ये मी पुण्यात कॉलेजात होते. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू त्याच महिन्यात पुण्यात झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती ती. शाळा बंद झाल्या, सिनेमागृहे बंद झाली, मेडिकलमधले मास्क संपले आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. एक शिंक आली तरी लोक रांगेत जाऊन उभे राहत. नंतर सरकारने रुग्णांचे तीन गट ठरवून दिले. साधी लक्षणे असलेल्यांनी घरीच विश्रांती घ्यायची, ताप जास्त असेल किंवा मधुमेह, दमा, गर्भारपण असे काही असेल तर डॉक्टरांनी औषध सुरू करायचे आणि ज्यांना धाप लागते त्यांना तडक रुग्णालयात न्यायचे. तो विषाणू कुठे गेलेला नाही. आज नेहमीच्या हंगामी फ्लूमध्ये तोही एक आहे. भीती मात्र गेली आणि तिच्याबरोबर तो तिसरा गटही लोक विसरले.

आमच्या घरी त्याची गाठ पडली ती 2022 च्या ऑगस्टमध्ये. माझे सासरे, अण्णा, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. मधुमेह जुना. चार दिवस 102 ताप होता, तो पाचव्या दिवशी 99 वर आला. घरात सर्वांना हायसे वाटले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या. त्या निवृत्त परिचारिका. अण्णा त्यांच्याशी दोन शब्द बोलत, थांबत, मग पुढचे दोन शब्द बोलत.

‘‘आता ताप नाही हो,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘ताप राहू द्या वहिनी, यांचा श्वास बघा,’’ काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या, ‘‘घड्याळ आण गं.’’

पूर्ण एक मिनिट त्या अण्णांच्या पोटाच्या हालचालीकडे पाहत राहिल्या. बत्तीस. मोठ्या माणसाचा श्वास आरामात असताना मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा चालतो. ‘‘मला काही झालेलं नाही,’’ असे अण्णा तुटक तुटक म्हणत असतानाच आम्ही रिक्षा बोलावली. फ्लूपाठोपाठ न्यूमोनिया झाला होता. चार दिवस ऑक्सिजन लावावा लागला. नवव्या दिवशी ते घरी आले.

तेव्हापासून मला वाटते, थर्मामीटरवर आपण फार विसंबतो. पॅरासिटॅमॉलची गोळी ताप उतरवते, आजार नव्हे. म्हाताऱ्या माणसांना तर कधी कधी फारसा ताप येतच नाही. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर दिसणे, माणूस गोंधळल्यासारखा किंवा गुंगीत असणे, उलट्या न थांबणे, यांतले काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. ताप जाऊन दोन दिवस बरे वाटले आणि मग तो खोकल्यासह पुन्हा चढला, तरी डॉक्टर गाठावा. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडून असेल तर बाहेर काढा. 94 च्या खाली आकडा जात असेल तर ते चांगले लक्षण नाही.

लहान मुलांचा श्वास मुळातच जलद असतो. मूल शांत किंवा झोपलेले असताना पूर्ण मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर साठ, वर्षाच्या आत पन्नास आणि एक ते पाच वर्षांत चाळीस किंवा त्याहून अधिक म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध-पाणी नाकारणे, बराच वेळ लघवी न होणे ही धोक्याचीच खूण. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी दाखवावे.

मेडिकलवाल्याला सांगून अँटिबायोटिक आणण्याची आपली सवय फ्लूत कुचकामी आहे, कारण ती औषधे विषाणूवर चालत नाहीत. मुलांना अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये. फ्लूवरचे खास औषध डॉक्टर देतात. ते पहिल्या 48 तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते. म्हणून घरात मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, गर्भवती किंवा 65 पुढचे कोणी असेल तर त्यांच्यासाठी ‘दोन दिवस बघू’ हा हिशेब चालत नाही.

लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलत राहतो. तिचा परिणाम व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना विचारलेले बरे. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो बहुधा सौम्य राहतो. बाकी गोष्टी साध्याच. साबणाने हात धुणे, खोकताना तोंडावर कोपर धरणे, आजाऱ्याचा टॉवेल वेगळा ठेवणे आणि खिडकी उघडी ठेवणे. आणि ताप असलेल्या मुलाला चाचणी परीक्षा आहे म्हणून शाळेत न पाठवणे. शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्र देणाऱ्या शाळांचे मला नेहमीच आश्चर्य वाटते!

आमच्याकडे आता एक नियम आहे. ज्याला ताप, त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. अण्णांना आणि मुलांना तो फार आवडतो. सासूबाई मात्र अंगात ताप असतानाही ‘फोडणी तेवढी मी घालते’ म्हणून उठतातच, आणि त्यांना परत झोपवायला घरातली दोन माणसे लागतात.