डावा हँगर

आवाजाचं पहिल्यांदा आईने सांगितलं, आप्पांनी नाही. दिवाळीला घरी आलो त्या रात्री भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गाडी लई कुईकुई करायली रं. मागं बसलं की बरोबर बुडाखाली आवाज येतो." आप्पा समोरच जेवत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पन्नाशीनंतर त्यांना ऐकू कमी येतं, पण ते फक्त गाडीच्या खर्चाचा विषय निघाला की.

मी हिंजवडीत नोकरी करतो. कोड लिहितो, मीटिंगा करतो, माझ्या चुकीने फार तर एखादा सर्व्हर बसतो आणि अर्ध्या तासात परत उठतो. दिवाळीनंतरचा एक आठवडा घरून काम करायची परवानगी होती, म्हणून जिंतूरला थांबलो होतो. या लेखातलं सगळं त्या आठवड्यातलं, २०२५ च्या.

आमच्याकडे पिकअप म्हणजे मागे हौदा असलेली छोटी मालगाडी. कंपनी कुठलीही असो, तिला पिकअपच म्हणतात. आप्पांची पिकअप सोयाबीन निघालं की मोंढ्यावर जाते, कापूस सुरू झाला की जिनिंगवर, मधूनच कुणाचा रुखवत, कुणाचं घरसामान, गणपती. आणि वेचणीच्या दिवसांत सकाळी सहाला बायका घेऊन निघते. आमच्या गल्लीतल्या, मागच्या वस्तीतल्या दहा-बारा जणी, चारठाण्याच्या बाजूच्या शिवारात सोडायच्या आणि दिवस मावळताना परत आणायच्या. त्यांत आईही असते. मी पुण्यातून पैसे पाठवतो तरी असते. "घरी बसून काय करू, भिंतींशी बोलू का?" असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोतं अंथरून गाडीखाली शिरलो. तसं शिरायचं काही कारण नव्हतं, आवाज कुठून येतो तेवढं बघायचं होतं.

कमानपाट्यांचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागच्या चाकांच्या वर पोलादी पट्ट्यांची जुडी असते, एकावर एक, खाली आखूड होत गेलेली. पूर्वी टांग्याला असायची तीच कमान. मधोमध ती यू-बोल्टने ॲक्सलला बांधलेली असते आणि दोन्ही टोकांनी चासीला. पण दोन्ही टोकं घट्ट बांधून चालत नाही. वजन पडलं की वाकलेला पाटा सरळ होतो आणि सरळ झाला की त्याची लांबी वाढते. ती वाढ जायला जागा हवी. म्हणून पुढचं टोक पक्कं असतं आणि मागचं टोक शॅकल नावाच्या दोन पट्ट्यांमध्ये झोपाळ्यासारखं झुलतं. तो झोपाळा ज्या आढ्याला टांगलेला असतो तो हँगर. चासीला चार रिव्हेट मारून बसवलेला, तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा. मागच्या एका कोपऱ्याच्या ओझ्याचा मोठा वाटा शेवटी त्यावर येतो.

डाव्या बाजूच्या शॅकलमधलं रबरी बुश फाटून त्याची भुकटी झाली होती. आतला बोल्ट नळीसकट गंजून एकजीव झालेला. लोखंडावर लोखंड घासत होतं, कुईकुई तीच. झोपाळा झुलत नाही म्हटल्यावर प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट हँगरला बसत होता. मी मोबाईलचा टॉर्च मारला. हँगरच्या कानाजवळ एक काळी रेघ दिसली. आधी वाटलं चिखलाचा ओघळ असेल. नखाने खरवडलं. नख आत गेलं.

आणि त्या रेघेच्या शेजारी अजून एक गोष्ट होती. वेल्डिंगचा जुना, फुगलेला टाका. म्हणजे हा हँगर एकदा आधीच तडकला होता, कुणीतरी तो जोडून दिला होता, आणि आता त्या टाक्याला लागूनच तो दुसऱ्यांदा फाटत होता.

"आप्पा, हे कधी वेल्डिंग केलं?"

"मागल्या साली. सोयाबीनच्या टायमाला."

"मला कामून नाही सांगितलं?"

"तुला सांगून तू काय करणार होतास? फोनवरून टाका मारणार होतास का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पोत्यावर तसाच पडून राहिलो. डोक्यात आलेगाव होतं. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. सात जणी गेल्या. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या होत्या, कामावर निघाल्या होत्या. आमच्यापासून गुंज काही फार लांब नाही. त्या दिवशी ऑफिसात बातमी वाचली, दोन मिनिटं सुन्न बसलो आणि मग स्टँडअप मीटिंगला गेलो. आपल्या अंगणातली गाडी रोज सकाळी तेच करते, हे मला तेव्हा माहीत होतं. फक्त ते दोन विचार मी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते.

आप्पांचा बेत होता पुन्हा टाका मारून आणायचा. मी म्हणालो, नवीन हँगर टाकू, आणि घरीच टाकू. घरीच यासाठी की गॅरेजवाला आठवडाभर हात लावायला मोकळा नव्हता, आणि खरं सांगायचं तर इंजिनियर असल्याची खुमखुमी होती. पहिल्या वर्षाला वर्कशॉपच्या तासाला एक लोखंडी तुकडा कानस मारून चौकोनी केला होता, तेवढीच माझी लोखंडाशी ओळख. बाकीची वर्षं स्क्रीनसमोर गेली.

शेजारच्या गल्लीत एक चाचा राहतात. आयुष्यभर कमानपाट्यांचं काम केलं, आता गुडघे गेलेत म्हणून दुकान बंद. त्यांच्याकडून दोन घोड्या, लांब टॉमी आणि घण आणला. चाचा खुर्ची घेऊन आमच्या अंगणातच येऊन बसले. एरवी मला युट्यूब पुरला असता असं वाटत होतं, पण तसं झालं नाही.

परभणीला जाऊन सामान आणलं. हँगर, शॅकलपट्ट्या, बुश मिळाले. बोल्टांवरून मात्र दुकानात वाजलं. चार रिव्हेट तोडल्यावर त्यांच्या जागी बोल्ट येणार, आणि तिथे साधे बोल्ट चालत नाहीत. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, ८.८ किंवा १०.९. पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तो किती मेगापास्कल ताणाला तुटेल. दशांशापुढचा आकडा म्हणजे त्याच्या किती टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागेल. १०.९ चा बोल्ट हजारला तुटतो आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत दम धरतो. दुकानदाराने दिलेल्या बोल्टांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. मी म्हणालो, आकडेवाले द्या. तो म्हणाला, "भाऊ, सगळे हेच नेतात." मी म्हणालो, "सगळ्यांचे हँगर तुटत असतील." तिसऱ्या दुकानात १०.९ मिळाले. सोबत नायलॉनची कडी असलेले नट, हिसक्यांनी ढिले होऊ नयेत म्हणून. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं. एवढ्या पैशांत पुण्यात आमची टीम एका दुपारी पिझ्झा खाते.

काम दीड दिवस चाललं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून चासी उचलून घोड्यांवर ठेवली, आणि दुसरा जॅक ॲक्सलखाली. हा दुसरा जॅक चाचांनी लावायला लावला. मी तो विसरलो होतो. ॲक्सलला आधार नसता आणि ताणातला बोल्ट निघाला असता तर पाट्याने माझा हात घेतला असता, असं ते बिडी पेटवत, अगदी हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाले.

गंजलेला बोल्ट काही निघाला नाही. डिझेल सोडून रात्रभर ठेवला, पाना लांब पाइप घालून ओढला, शेवटी ग्राइंडरने दोन्हीकडून कापावा लागला. डिझेलची टाकी हातभरावर, म्हणून आईने ओली पोती आणून तिच्यावर टाकली आणि पाण्याची बादली घेऊन स्वतः उभी राहिली. रिव्हेटांची डोकी उडवली, पण दांडे जागचे हलेनात. इथे आप्पा पहिल्यांदा खाली आले. तोपर्यंत ते लांबून, हे पोरगं गाडीचा सत्यानाश करणार अशा चेहऱ्याने बघत होते. त्यांनी पंच मी धरायचा असं ठरवलं आणि घण स्वतः घेतला. घण माझ्या मनगटापासून चार बोटांवर पडत होता. एकदाही चुकला नाही. चौथा दांडा निघाला आणि हँगर टण्णकन फरशीवर पडला, पडताना दोन तुकडे झाला. नुसत्या पडण्याने.

तिघेही काही बोललो नाही. चाचांनी तुकडा उचलला. तुटलेल्या जागी बहुतेक लोखंड काळं-तांबडं होतं, म्हणजे ते कधीचंच फाटलेलं. चमकदार, ताजं लोखंड बोटाच्या कांड्याएवढंच. "इतने पे चल रही थी," ते म्हणाले आणि तुकडा आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग भिंतीच्या कोनाड्यात ठेवून दिला.

चासीवरचा गंज घासून रेडऑक्साइड मारलं, हँगर बसवला. बुश साबणाच्या पाण्यात बुडवून व्हाइसमध्ये दाबून आत घातलं. यात सांगण्यासारखं फार नाही, सोपं होतं.

त्या रात्री आमचं भांडण झालं. मी गच्चीवर बसून वाचलेलं सगळं आप्पांना ऐकवलं. मालवाहू गाडीत माणसं बसवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच आशा राणी खटल्यात सांगितलंय की मालगाडीत बसलेल्या प्रवाशांच्या भरपाईची सक्ती विमा कंपनीवर नाही. उद्या काही झालं तर प्रत्येक घराला आपण तोंड द्यायचं. पाहिजे तर महिन्याचे पैसे मी देतो, बायका नेणं बंद करा.

आप्पा म्हणाले, "मी बंद केलं तर त्या घरी बसतील का? यष्टी त्या शिवारात जात नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसतील. त्याचा हँगर कोण बघणार हाय?"

मी म्हणालो, हे काही उत्तर नाही.

"मग तू सांग उत्तर. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं सगळ्यांचं. वेचणी हायला तेवढंच."

मग थोडा वेळ थांबून, आवाज न चढवता, "तुझी शेवटल्या दोन वर्षांची फी कापसाच्या भाड्यातून नाही गेली. याच्यातून गेली."

हे मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं, म्हणून माहीत नव्हतं. सकाळच्या फेरीचे माणशी थोडे थोडे पैसे, रोज, आईच्या डब्यात, आणि सेमिस्टरच्या तोंडावर तो डबा रिकामा. मी ज्या शिक्षणाच्या जोरावर त्यांना धोका समजावून सांगत होतो ते त्याच धोक्यातून आलं होतं. म्हणून माझं म्हणणं चूक ठरत नव्हतं. पण त्यानंतर मला ते बोलता येईना.

एक काम शिल्लक होतं. शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, वजन असताना. पाटा लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी उतरवली होती, पण चाचांचं म्हणणं पडलं की रिकाम्या गाडीवर आवळून काय उपयोग, ही रिकामी कधी असते? थोडं वजन टाका. मी म्हणालो, उद्या पोती टाकू.

पण उद्या सकाळी सहाला पोत्यांच्या आधी बायका आल्या. दोन दिवस कामाला खाडा झाला होता. डोक्याला रुमाल, हातात डबे, कापूस वेचायच्या ओट्या. मी पाना घेऊन गाडीखाली होतो. आप्पांनी मला विचारलं नाही, मीही थांबवलं नाही. त्या एकेक करून चढायला लागल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, पाटा हळूहळू सरळ होत गेला. प्रत्येकीच्या पावलाला थोडा. शॅकल मागे झुलला. आवाज नाही.

"मोजा," मी खालून ओरडलो.

"नऊ," आप्पा म्हणाले. मग दोघींना उतरवल्याचं, त्या कुरकुरल्याचं, आप्पांनी "दुसरी फेरी मारतो की" म्हटल्याचं ऐकू आलं. सात. पाटा किंचित वर आला. मी तिथे बोल्ट आवळले.

नट ढिला झाला तर कळावा म्हणून नटावरून बोल्टवर एक सरळ रेघ ओढून ठेवतात. रंग नव्हता. बहिणीचं लाल नेलपॉलिश वापरलं. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असं समजायचं, आणि रोज संध्याकाळी बघायचं, एवढं आप्पांना सांगून मी रविवारी पुण्याला आलो.

आता रोज सातच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. खाली वाकून, टॉर्च मारून काढलेला, बहुतेक वेळा हललेला. मजकूर नसतो. रेघ अजून सरळ आहे. कधी कधी बायका उतरायच्या आधीच फोटो काढलेला असतो, तेव्हा वरच्या कडेला फाळक्यावरून सोडलेल्या पायांतल्या चपला दिसतात. मी फोटो मोठा करून आधी रेघ बघतो, मग चपला मोजतो. काल पाच जोड दिसले. बाकीच्या आत बसल्या असतील.