आजोळचं दुखणं

भाऊ रांगायला लागला आणि त्याचा गुडघा सुजला. आमचा वसमत तालुका हळदीचा, त्यामुळे आजीने गरम हळदीचा लेप लावला, वरून शेक दिला. मुरगळला असेल, असंच सगळे म्हणत होते. जखम कुठेच नव्हती. रक्त सांध्याच्या आत साचत होतं. अशा वेळी शेकायचं नाही, चोळायचं नाही, बर्फ लावून पाय हलू द्यायचा नाही, हे नांदेडला निदान झाल्यावर कळलं. हिमोफिलिया ए, तीव्र. रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ एक टक्क्याहूनही कमी.

मग आजोळची गोष्ट निघाली. मामा लहानपणीच गेला होता, दात काढल्यावर रक्त थांबलंच नाही म्हणून. तिकडे त्याला करणी म्हणायचे. आता आमच्या घरात बोट आईकडे वळलं. "तुझ्याच माहेरचं गं हे," आजी म्हणाली. म्हणाली ते खोटं नव्हतं. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. पण जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. तिथे बोट कुणाकडे दाखवणार?

भावाला शिरेतून फॅक्टर देतात. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो, पण आठ-बारा तासांत निम्मा संपतो. कातडीखाली टोचायचं एमिसिझुमॅब आलंय. ते आठवड्याला, काहींना महिन्याने घेतलं तरी चालतं. विकत घ्यायचं तर वावर विकावं लागेल.

माझ्याकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. पाळीत मला खूप रक्त जायचं. "बाईच्या जातीला चालायचंच," म्हणून लोहाच्या गोळ्या. वाहक बाईचाही, म्हणजे जिच्या एका एक्सवर हा दोष आहे तिचाही, फॅक्टर कमी असू शकतो, हे मी भावाच्या डॉक्टरांकडून ऐकलं, तेही सहज बोलता बोलता. आई वाहक म्हणजे मी वाहक असण्याची शक्यता निम्मी. नुसता फॅक्टर मोजून भागत नाही, कारण तो नीट असूनही बाई वाहक असू शकते. आधी भावाच्या जनुकातला दोष शोधतात, मग तोच माझ्यात पाहतात. मुंबईला परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा तपासण्या होतात.

मी वाहक निघाले. फॅक्टरही निम्म्याहून कमी. स्थळं यायला लागली तेव्हा आईचं म्हणणं, गप्प राहू. मी बोलले. एक स्थळ गेलं, दुसऱ्याने प्रश्न विचारले, आणि त्या घरात मी आहे.

मावशीच्या दोन मुली सेनगावला आहेत. धाकटी तपासणीला तयार आहे. मावशी म्हणते, आधी लग्न उरकू दे. तोवर मी दोघींना सांगून ठेवलंय: बाळंतपण फॅक्टर मिळतो अशाच दवाखान्यात करायचं, डॉक्टरांना मामाचं आधीच सांगायचं, आणि मुलगा झाला तर त्याचा फॅक्टर तपासल्याशिवाय दंडात-मांडीत सुई टोचू द्यायची नाही.