मागची पडवी

जुन्या काळातली मालिका करायची म्हटली की निर्माते आधी वाडा शोधतात. कलादिग्दर्शक म्हणून मी आधी चूल शोधतो. ओटीवरचा झोपाळा, पितळी समई भाड्याने मिळते; धुराने काळे झालेले वासे मिळत नाहीत. रंगाने केलेली काजळी सपाट दिसते. खरी काजळी चुलीच्या वर दाट असते आणि कौलांच्या उतारावर विरत जाते. सारवणाचंही तसंच. प्लायवूडवर मातकट रंग दिला की दिव्याचा उजेड वरच्यावर चकाकतो. शेणाने सारवलेल्या जमिनीत तो जिरतो, आणि तिरपा पडला तर सारवणारीच्या पंज्याचे फटकारे एकेक दिसतात.

ही अडचण परदेशातही येते. ‘डाउन्टन ॲबी’ ही मालिका (२०१०–१५) इंग्लंडातल्या हायक्लिअर या खऱ्याखुऱ्या प्रासादात चित्रित झाली. नोकरांचं स्वयंपाकघर मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत बांधावं लागलं. मालकांचे दिवाणखाने टिकले होते, नोकरांच्या खोल्या जुन्या रूपात उरल्या नव्हत्या. त्याआधी १९७१ साली आलेल्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ची कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या अभिनेत्रींची. दोघींच्याही घरच्यांनी बड्या घरांत चाकरी केली होती. म्हणून त्या मालिकेतली मोलकरीण चहा आणून देण्यापुरती राहिली नाही. तिलाही स्वतःची गोष्ट मिळाली.

आमच्या सिंधुदुर्गात आकेरीच्या वाड्यात ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घडली. २०१६ साली ती आली तेव्हा भुताखेतांच्या चित्रणावर इथल्याच लोकांनी आक्षेप घेतले. २०१९ च्या दुसऱ्या भागात कथा मागे, वाड्याचे मालक अण्णा नाईक यांच्या उमेदीच्या काळात गेली आणि अण्णा-शेवंता घरोघरी पोचले. वाडा बघायला गाड्या येऊ लागल्या. मला विचाराल तर तिचं बळ भुतांत नव्हतं. अण्णांचा दरारा ती भूमिका करणाऱ्या माधव अभ्यंकरांच्या नजरेत होता, तितकाच त्यांच्यासमोर दबून उभ्या राहणाऱ्या माणसांत होता. मालवणी बोलीमुळे ती माणसं आपल्या वाडीतली वाटली.

अशा माणसांच्या वस्तू मात्र टिकत नाहीत. आमच्याकडे नांदगाव तिठ्याच्या आसपास जुनं घर मोडलं की खांब आणि नक्षीचे दरवाजे लगेच विकले जातात. वायन म्हणजे जमिनीतलं दगडी उखळ, रोवळी, गड्याचं कांबळं, इरलं कोणी ठेवत नाही. खरं तर आपल्याकडचा मोठा कालपट याच वस्तूंभोवती आहे. १९४९ मध्ये खोतांची वतनदारी, म्हणजे खोती, रद्द करणारा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळण्याची वाट खुली झाली. पिढ्यान्‌पिढ्या खळ्यात उभा राहिलेला माणूस आता ओटीवर बसायला येणार होता. त्या आठ वर्षांची मालिका कोणीतरी लिहायला हवी, आणि ती कुळाच्या घरातून लिहायला हवी. तिच्यासाठी मी इरली, सुपं, कांबळी आमच्या मांगरात जमवतो आहे. लिहिणाऱ्याने नुसतं कळवावं.